श्रद्धेचा ताळेबंद

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या आडते बाजारातून व दाळमंडईतून फेरी मारणाऱ्यास पेढ्यापेढ्यांवर तांबड्या वह्यांचे पूजन चाललेले दिसते. हल्ली बहुतेक हिशेब संगणकात गेला आहे खरा. तथापि पूजेपुरती का होईना, नवी वही आणून तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढल्यावाचून आमच्या व्यापारी बंधूंचे समाधान होत नाही. हाच व्यापारी चार दिवसांनी ज्वारीचा सौदा करावयास बसला म्हणजे पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो, आणि माल नजरेस उतरल्यावाचून भाव बोलत नाही. दोन पोत्यांच्या खरेदीस जो एवढी चौकसी करतो, तोच गृहस्थ ज्या समजुतीच्या आधारे आपण सारा जन्म काढतो, मुलांस वळण लावतो, शेजाऱ्याशी वागतो व मरणास सामोरे जातो, ती समजूत मात्र पारखल्यावाचून घरात घेतो. पोते वाईट निघाले तर एका हंगामाचे नुकसान; समजूत वाईट निघाली तर पिढ्यांचे. मग दाणा फोडून पाहण्याचा प्रघात पोत्यापुरताच का असावा, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कोणतीही आध्यात्मिक दृष्टी, मग ती भक्तीची असो, वेदान्ताची असो, पीराच्या दर्ग्यातली असो की ख्रिस्ताच्या मंदिरातली असो, तिची पारख ती माणसाच्या रोजच्या जीवनात काय घडविते यावरून व्हावी. आणि ते घडलेले फळ पाहताना प्रथम त्या माणसाच्या दारी जाऊन पाहावे, ज्यास समाजाने सर्वांत शेवटी बसविले आहे. पहिला अर्धा भाग पुष्कळांस मान्य होईल. दुसऱ्या अर्ध्याशी गाडी अडते, आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही कसोटी परदेशातून आणलेली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. अमेरिकेतील विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धार्मिक अनुभवाचे मोल त्याच्या मुळावरून न ठरविता त्याच्या फळांवरून ठरवावे असे प्रतिपादन केले, हे खरे. त्याच परंपरेतील जॉन ड्युई यांच्या हाताखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, हेही खरे. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा प्रबंध पाहावा. त्यात त्यांनी धर्मास न्याय व उपयुक्तता या दोन कसोट्या लाविल्या आहेत. आमच्या कोपरगावाच्या सीमेपलीकडे असलेल्या येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी जी घोषणा त्यांनी केली, ती या कसोटीचाच निकाल होती. परंतु ही कसोटी आमच्या मातीसही नवी नाही. ज्या मुलांस संन्याशाची पोरे म्हणून कर्मठांनी वाळीत टाकले, त्यांतील ज्ञानदेवाने शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, याच जिल्ह्यातील नेवाशास गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगितला. तो ज्या खांबास टेकून बसला असे सांगतात, तो ‘पैस’ आजही भाविक पाहतात. ज्ञान संस्कृताच्या कुलुपात आहे तोवर ते कितीही थोर असले तरी नांगरधऱ्यास त्याचा उपयोग नाही, हे ओळखल्यावाचून तो ग्रंथ मराठीत होताच ना. उपयोगाची कसोटी ती हीच.

याहून वजनदार आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, अध्यात्म ही बाजारातील जिन्नस नव्हे. आत्म्याचे सुख तागडीत घालावयाचे नसते. हे वाक्य कानास गोड लागते. परंतु तागडी प्रथम कोणी काढली? संकटनिवारण, पीडापरिहार, मनःशांती, घरात भरभराट ही वचने ग्राहकाने मागितलेली नाहीत. ती देणाऱ्यानेच दिलेली आहेत. ज्याने मालावर किंमत लिहिली त्याने वजनास नाही म्हणू नये. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जे उपयोगी पडते ते खरे असतेच असे नाही. असत्यानेही मनास आधार मिळतो. हा आक्षेप आम्ही मान्य करितो. खोटे नाणेही चार दिवस बाजारात चालते, आणि ज्यांच्या हातून ते पुढे सरकले त्यांस त्याने भाजीही मिळते. परंतु शेवटी ते कोणाच्या तरी पदरात अडकते, आणि तो बहुधा बाजारातील सर्वांत गरीब मनुष्य असतो. म्हणून फळ पाहावयाचे तर तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. फळ कोणास मिळाले? त्याची किंमत कोणी भरली? आणि तोटा झाला तेव्हा तो वहीत लिहिला की नाही? या तिन्हींचे उत्तर जेथे नीट मिळते तेथे श्रद्धा सत्य ठरलीच असे आम्ही म्हणत नाही; परंतु ती प्रामाणिक ठरली, आणि मनुष्यास पुढची चाल चालावयास तेवढे पुरेसे आहे.

आता आमच्या जिल्ह्यातीलच तीन वह्या उघडून पाहू.

पहिली शनिशिंगणापूरची. शनिदेव गावाची राखण करितो, या श्रद्धेने तेथील घरांस दारे व कड्याकुलुपे न लावण्याची रीत पडली, हे साऱ्या जगास ठाऊक आहे. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे कुलुपावाचून शाखा उघडली. गावात पोलीस ठाणे झाले ते २०१५ मध्ये. चोरीची एकही तक्रार कधी झाली नाही असे नव्हे. २०१० मध्ये एका पाहुण्याने गाडीतून रोकड गेल्याची तक्रार केली होती. तथापि शेजारी शेजाऱ्यावर एवढा भरवसा ठेवितो ही सामान्य मिळकत नव्हे, आणि सुधारक म्हणविणाऱ्यांनी ती जमेच्या बाजूस लिहिलीच पाहिजे. परंतु त्याच वहीची दुसरी बाजू पाहा. ज्या गावात घरास दार नव्हते, त्या गावात देवाच्या चौथऱ्यास मात्र स्त्रियांपुरते दार होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर चढली, तेव्हा तो धुऊन शुद्ध करण्यात आला. त्यानंतर आंदोलन झाले. देवालय-प्रवेशाचा हक्क देणारा १९५६ चा कायदा अस्तित्वात असल्याची आठवण उच्च न्यायालयाने सरकारास करून दिली. आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्यास, देवस्थानाने तो चौथरा स्त्रियांस खुला केला. आता वाचकांनीच सांगावे, त्या दिवसापासून काय बिघडले? स्त्रीची सावली पडल्याने अरिष्ट येईल, हे सांगितलेले भाकीत होते, आणि भाकिताची परीक्षा काळच करितो. शेते पिकली, भाविकांची रीघ कमी झाली नाही, शिळा होती तेथेच आहे. म्हणजे शेजाऱ्यावर भरवसा शिकविणारी समजूत जीवनाच्या परीक्षेत उतरली, आणि स्त्रीस अपवित्र मानणारी समजूत त्याच गावात, त्याच देवापुढे नापास झाली. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून ‘आमची श्रद्धा’ म्हणून पुढे करणे म्हणजे चांगल्या दाण्यात खडे मिसळून एका भावाने विकणे होय.

दुसरी वही राळेगणसिद्धीची. पारनेर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेतले. पाणी नाही, शेत पिकत नाही, आणि दारूच्या भट्ट्या मात्र पेटलेल्या, अशी त्याची स्थिती होती. १९७५ साली लष्करातून परत आलेल्या अण्णा हजारे यांनी, विवेकानंदांच्या एका लहान पुस्तकाने आपणांस वाट दाखविली असे सांगून, प्रथम गावातील पडके यादवबाबांचे देऊळ स्वतःच्या पैशाने नीट केले. पुढचे सारे काम त्या देवळातून निघाले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन यांची पंचसूत्री ठरली. नाल्यांस बांध पडले, पाझर तलाव दुरुस्त झाले, विहिरींस पाणी आले. दलित कुटुंबांचे कर्ज फिटावे म्हणून गावकऱ्यांनी त्यांच्या शेतात राबून ते फेडण्यास हात लाविला. देवळात जमलेला समाज देवळाबाहेर कुदळ घेऊन निघाला, याहून देवळाचे सार्थक ते कोणते? तथापि याही वहीत खर्चाची बाजू आहे. दारू सोडण्याची शपथ मोडणाऱ्यास खांबास बांधून फटके देण्यात येत, आणि ही गोष्ट स्वतः अण्णांनीही लपविली नाही. ज्या बाईने दारुड्या नवऱ्याचा मार वर्षानुवर्षे खाल्ला, तिला तो खांब बरा वाटला असेल. तिला आम्ही दोष देत नाही. परंतु आत्मशक्तीची शिकवण ज्या ठिकाणी पट्ट्याचा आधार घेते, त्या ठिकाणी आत्म्याचे काम संपून फौजदाराचे सुरू होते. भीतीने सुटलेली दारू भीती सरल्यावर परत येऊ शकते. समजून सुटलेली सहसा येत नाही. राळेगणाचा आदर करणाऱ्यांनी बांध-बंधारे पुढच्या गावी न्यावेत, खांब नेऊ नये.

तिसरी वही जामखेडची, आणि तिच्याजवळ आम्ही थोडे अधिक थांबणार आहो. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरास शिकलेले ख्रिस्ती दांपत्य जामखेडास आले. गरिबांची सेवा हीच उपासना, अशी त्यांची निष्ठा होती. ते इस्पितळाची मोठी इमारत बांधीत बसले असते तर लोकांनी त्यांस धन्य म्हटले असते, व आसपासच्या खेड्यांतील मुले पूर्वीप्रमाणेच मरत राहिली असती. कारण मुले मरत होती ती बहुतांशी जुलाबाने, उपासमारीने व अज्ञानाने. आणि या तिघांवर एकच पांघरूण घातलेले होते, ते म्हणजे देवीचा कोप. गोवर देवीचा, ताप दृष्टीचा, पोटुशीने पोटभर जेवू नये हा शास्त्रार्थ. आरोळे दांपत्याने खेड्यांतील बायका, त्यांतही पुष्कळ दलित व निरक्षर, निवडल्या. त्यांस आठवड्यास जामखेडी बोलावून शिकविले. आणि औषधाची पिशवी त्यांच्या हाती दिली. मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, बाळंतपणात काय स्वच्छ ठेवावे, कुष्ठाचा डाग कसा ओळखावा, हे त्या बायका शिकल्या व घरोघर सांगत फिरल्या. त्या भागात १९७१ च्या सुमारास दर हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बालके वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत ही संख्या विसाच्या आसपास उतरली. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्या बायकांस आपला देव सोडावा लागला नाही. देवीच्या नावाने मनात बसलेली धास्ती मात्र त्यांनी सोडली.

परंतु आमच्या विषयास सर्वांत उपयोगी असलेली गोष्ट आकड्यांची नाही, पाण्याची आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी डॉक्टरांपाशी औषध मागितले नाही, पाणी मागितले. कूपनलिका खोदण्याची सोय झाली, तेव्हा ती कोठे खोदावी हा प्रश्न आला; आणि आरोळे यांनी ती दलित वस्तीत खोदविण्याचा आग्रह धरिला. पिढ्यान् पिढ्या ज्यांस गावच्या विहिरीवर हात लावू दिला नव्हता, त्यांच्या दारात आता पाणी आले, आणि गावास तेथे घागर घेऊन जावे लागले. तहानेने जे केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. सर्व मनुष्ये एका ईश्वराची लेकरे, हे वचन सर्वच धर्मांच्या तोंडी असते. येथे ते वचन जमिनीत नळी होऊन उतरले. एखादी अध्यात्मदृष्टी खरी किती, असे कोणी विचारले तर आम्ही त्यास एवढेच म्हणू की, तिच्या अनुयायांनी पाण्याचा पंप कोठे बसविला ते पाहून या.

यावरून अमुक धर्म श्रेष्ठ असे आम्हांस म्हणावयाचे नाही. जोतीराव फुल्यांनी नगरास येऊन मिस फॅरार या मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यास स्वतःची शाळा काढिली. परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. फळ पाहून त्यांनी बी घेतले, झाड उपटून आणिले नाही. जो धर्माची पारख फळावरून करितो त्यास शेजाऱ्याच्या धर्मातील चांगले घेण्याची लाज वाटत नाही, हा या कसोटीचा एक लहान लाभ नव्हे.

येथवर वाचून वाचक म्हणतील की संपादकांस आपल्या जिल्ह्याचा अभिमान चढला. तसे असते तर बरे झाले असते. ज्या नेवासे तालुक्यात ज्ञानदेवाने विश्वात्मक देवाची भाषा बोलून दाखविली, त्याच तालुक्यातील सोनई येथे २०१३ च्या जानेवारीत, प्रेमसंबंधाच्या रागातून, तीन दलित तरुणांची अमानुष हत्या झाली. नाशिकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सहा जणांस दोषी ठरविले, व प्रकरण पुढे वरिष्ठ न्यायालयांत गेले. ज्या जामखेड तालुक्यात ती कूपनलिका खोदली गेली, त्याच तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा जीव घेण्यात आला. वरच्या म्हणविणाऱ्या जातीच्या मुलीशी बोलणे एवढाच त्याचा अपराध होता, असा आरोप होता. न्यायालयात साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार उलटले, या दोन शब्दांवर वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्या माणसांनी साक्ष फिरविली त्यांच्या घरी देव्हारा नसेल काय? एकादशी, उपास, हरिनाम सप्ताह यांतले त्यांच्या गावी काय नसेल? मग ती श्रद्धा न्यायालयाच्या पायरीपर्यंत त्यांच्यासंगे का आली नाही?

आमच्या मते उत्तर असे आहे की, मनुष्याची खरी अध्यात्मदृष्टी तो कीर्तनात ज्यावर मान डोलावितो ती नव्हे. पाणवठ्यावर, सोयरिकीच्या बैठकीत, मजुराच्या चहाच्या कपाशी आणि साक्षीच्या पिंजऱ्यात जी त्याचा हात हालविते ती त्याची खरी दृष्टी होय. पोथी एक सांगते व हात दुसरे करितो, तेव्हा ‘पोथी थोर आहे, माणसे वाईट आहेत’ असे म्हणून सुटका करून घेण्याची आमची रीत आहे. व्यापाऱ्याने असे म्हणून पाहावे, की माझा माल उत्तम आहे, केवळ तो ज्याने ज्याने घेतला त्याच्याकडे किडका निघाला! सातशे वर्षे जे वचन गाऊनही पंक्तीत उतरत नाही, त्या वचनात नव्हे तर ते पोचविण्याच्या आमच्या पद्धतीत खोट आहे, हे तरी कबूल केले पाहिजे.

सुधारकांसही एक शब्द सांगणे अवश्य आहे. एकुलता मुलगा गेलेली आई विठ्ठलाच्या नावाने उभी राहते, व्यापारात बुडालेला गृहस्थ नामस्मरणाच्या आधारे विषाची बाटली दूर सारितो, वारीच्या वाटेवर म्हाताऱ्या बाईस आपला भार हलका झाल्यासारखा वाटतो. या गोष्टी फळेच आहेत, आणि त्यांची थट्टा करणाऱ्यास दुःख म्हणजे काय ते ठाऊक नाही असे आम्ही समजू. परंतु तीच श्रद्धा जेव्हा स्वतःच्या दुःखावर फुंकर घालावयाचे सोडून दुसऱ्याच्या दुःखाचा निकाल देऊ लागते, कुष्ठरोग्यास, विधवेस, अस्पृश्य ठरविलेल्यास ‘हे तुझ्या पूर्वजन्मीचे फळ’ असे सांगते, तेव्हा ती औषध न राहता विष होते. स्वतःच्या दुःखास अर्थ लावणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दुसऱ्याच्या दुःखास आपल्या सोयीचा अर्थ लावणे हा अन्याय आहे. त्याचप्रमाणे, नवस फळला तर देवाची कृपा आणि न फळला तर भक्ताचे पाप, असा ज्या श्रद्धेचा हिशेब आहे तिच्या वहीत तोट्याचा रकानाच नाही, आणि तोट्याचा रकाना नसलेली वही कोणता मुनीम खरी मानील?

नुसता उपदेश करून थांबणे आमच्या पत्राच्या रीतीस धरून नाही. म्हणून एक सूचना करितो. देवस्थानांस आपला जमाखर्च धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करावा लागतो. तो पैशाचा हिशेब होय. आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक लहानमोठ्या देवस्थानाने, मशिदीने व चर्चने वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे दुसराही हिशेब वाचून दाखवावा. गेल्या वर्षात आमच्या पंक्तीस कोण बसले व कोण बसले नाही? आमच्या पाण्यावर कोणास मज्जाव आहे काय? गावात अन्याय झाला तेव्हा आमच्यातील कोण साक्षीस उभे राहिले? शिरडीस जो फकीर पडक्या मशिदीत राहून भिक्षेवर निर्वाह करी आणि हिंदू-मुसलमान दोघांस जवळ घेई, त्याच्या मूर्तीस आज सोन्याचे सिंहासन आहे. तेथे भुकेल्यास अन्न मिळते व रोग्यास इस्पितळ आहे, याचा आम्हांस आनंद आहे. सिंहासनाचे वजन सर्वांस सांगता येते; त्या दोघांस जवळ घेण्याचे काय झाले, ते कोण मोजतो?

आणि व्यापारी बंधूंस आमची विनंती एवढीच की, येत्या लक्ष्मीपूजनास तांबड्या वहीत एक पान कोरे सोडावे. त्यावर वर्षभर लिहावे की, ज्या देवापुढे आपण हात जोडले त्याच्यामुळे आपल्या हमालाचे, मोलकरणीचे, ऋणकोचे व शेजाऱ्याचे काय बरे झाले. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यास अहिल्याबाईंचे नाव मिळाले. जामखेडातील चौंडीस जन्मलेली ती बाई निस्सीम शिवभक्त होती. परंतु तिचे नाव आज गावोगाव लोकांच्या तोंडी राहिले आहे ते तिने किती वेळ पूजा केली म्हणून नव्हे, तर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधून वाटसरूची तहान भागविली म्हणून. जिल्ह्याने तिचे नाव घेतले आहे. त्या कोऱ्या पानावर पुढच्या दिवाळीपर्यंत चार ओळी तरी उमटाव्यात, एवढे त्या नावाचे देणे आमच्याकडे निघते.